आठ बाह्यांचं पोलकं

११ ऑगस्ट

वन्सं,

साष्टांग नमस्कार. खरं तर हे पत्र शाळेच्या फाटकाशी व्हॅनमध्ये बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितेय, तेव्हा साष्टांग काही जमणार नाही. बसल्या जागी मान वाकवलीय, तेवढी गोड मानून घ्या.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर बोलायला लागले की तुमचे बंधुराज शेजारी कान टवकारून बसतात आणि मधेच "ताईला त्रास देऊ नकोस" म्हणतात. मला तर त्रासच द्यायचाय.

बातमी अशी, की यंदा कॉलनीतलं नवरात्र आम्हा बायकांच्या हातात आलंय. पुरुषमंडळींची मांडवावरून जुंपली. तीन सभा झाल्या, चौथीला कुणी फिरकलंच नाही. आम्ही म्हटलं, आणा इकडे! आणि अध्यक्ष कोण, तर मी. रोज चौदा पोरं वेळेवर शाळेत पोचवते, तर देवीलाही नऊ दिवस सांभाळेल, असं सगळ्यांचं म्हणणं. पोरं मला कॅप्टन म्हणतात, आता अख्खी कॉलनी म्हणायला लागलीय.

आता कामाचं. आमची देवी अष्टभुजा. मूर्ती कायमची आहे, दरवर्षी नवा रंग देतो. पण त्या आठ हातांना आजवर कुणी धड पोलकं शिवलेलं नाही. दुकानातून चकचकीत कापड आणायचं, गुंडाळायचं आणि टाचण्या टोचायच्या. मागच्या वर्षी एका टाचणीनं तिच्या दंडाचा रंग उडाला, आतलं पांढरं प्लास्टर दिसायला लागलं. नऊ दिवस मला ते बघवेना. एवढा महिषासुर लोळवून आलेली बाई, आणि अंगात धड पोलकं नाही!

म्हणून मी सभेत ठोकून दिलं, की माझी नणंद अकरा वर्षं मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखात्यात आहे, ती शिवेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता नाही म्हणू नका, माझी अब्रू तुमच्या सुईत अडकलीय.

तुमची,
कॅप्टन


१९ ऑगस्ट

कॅप्टन,

अध्यक्ष झालीस, शाब्बास. नवरात्र बायकांच्या हातात आलं म्हणतेस. मग आजवर रांगोळ्या, प्रसाद, भांडी आणि मांडव झाडणं कुणाच्या हातात होतं गं?

पोलक्याचं मात्र सोड. मी कसली शिवणारी! चादरी, उशांचे अभ्रे, सरळ टीप. आठ हात म्हणजे काही खेळ नाही. तुमच्याकडे शिंपी संपले का?

आणि सभेत तोंडाची वाफ दवडण्याआधी माझ्या भावाला विचारलं होतंस? आधी विचार. तो काय म्हणतो ते शब्दनशब्द कळव. मग बघू.

गाडीचे ब्रेक दाखवून घे, मागच्या वेळी कुरकुरत होते.

तुझी,
नणंद


२८ ऑगस्ट

वन्सं,

तुम्ही एवढ्या जुन्या वळणाच्या असाल असं वाटलं नव्हतं! भावाच्या परवानगीशिवाय सुई उचलणार नाही? पण तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून विचारलं. बंधुराजांच्या हातातला कप बशीत कलंडला. शब्दनशब्द सांगायचं तर असं म्हणाले: "ताईनं त्या पोलक्याला हात लावायचा नाही." मी विचारलं, का? तर म्हणे तिच्यावर कामाचा ताण आहे. मी म्हटलं, बहिणीची एवढी काळजी, तर सात वर्षांत एकदा तरी तिच्याकडे राहायला गेलात का? त्यावर पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

मी काही ऐकणार नाहीये. तीन शिंपी झाले. एकानं हात जोडले. दुसरा म्हणाला, आधी मूर्तीचे हात सुटे करून आणा. तिसरा नुसताच हसला. अडचण अशी, की आठही मुठींत शस्त्रं पक्की बसवलीत. त्रिशूळ, तलवार, चक्र, गदा, सगळं. बाही मुठीवरून सरकत नाही. हात वर होत नाहीत, खाली होत नाहीत, वळत नाहीत. गळ्यातून काही घालावं तर मागे प्रभावळ.

काल व्हॅनमधली एक चिमुरडी मला विचारते, "देवीला आठ हात आहेत, मग तिचे कपडे तिचे ती का घालत नाही?" मी म्हटलं, बाई गं, आठही हात लढाईत गुंतलेत. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मापं सोबत आहेत. डावा एक, डावा दोन, असं करत आठही हातांचं मनगट, कोपर, दंड आणि खांद्यापासूनची तिरकी ओळ. शिडीवर चढून मीच घेतलीत. कापड हिरवं आहे, काठ लाल. बंधुराजांना न सांगता पार्सल करतेय. काय व्हायचं ते होऊ दे.

तुमची,
कॅप्टन


१४ सप्टेंबर

कॅप्टन,

तू म्हणजे ऐकणारी नाहीसच. कापड आठ दिवस पेटीवर तसंच पडून होतं, परत पाठवायचं म्हणून दोरीही बांधली होती. मग एके दिवशी तुझ्या मापांचा कागद वाचला. हात वर होत नाहीत, खाली होत नाहीत, वळत नाहीत. दोरी सोडली.

पोलकं पाठवतेय. आता नीट वाच. पुढचा भाग अखंड आहे. पाठ वरपासून खालपर्यंत उघडी आहे. आठही बाह्या खालच्या अंगानं उघड्या आहेत, आतून बांधायला बंद शिवलेत. तू समोर उभी राहा. कापड पुढून तिच्या छातीशी धर. आधी खालचे हात, मग वरचे. बाही हाताखालून आण आणि बंद कोपराकडून खांद्याकडे बांधत जा. ओढाताण करायची नाही. शेवटी पाठीचे बंद. बंदांच्या गाठी आत ढकल, म्हणजे पुढून बघणाऱ्याला काही कळत नाही. एकटीनं घाई करू नकोस, मागे कुणीतरी धरायला हवं.

आणि काम करताना तिच्याशी बोलत राहा. "आता डावा हात घेते हं," असं. हसू नकोस. त्यानं आपले हात हलके पडतात.

माझं नाव कुठेही घेऊ नकोस, एवढं एक ऐक.

तुझी,
नणंद


२१ सप्टेंबर

वन्सं!

बसलं! आठच्या आठ! तीन दिवसांपूर्वी नर्सबाईंना मागे उभं करून घालून पाहिलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाई हो, त्याही कमिटीत आहेत. मूर्तीवाले काका रंगाचा ब्रश हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, तीस वर्षं या बाईला रंगवतोय, आज पहिल्यांदा ती नटली. मी तुमचं ऐकून तिच्याशी बोलत होते. "आता तलवारवाला हात घेते हं बाई." नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे ज्याला त्याला सुचायचं नाही. ज्यांना हात हलवता येत नाहीत त्यांना रोज कपडे घालणाऱ्या माणसाचं काम आहे हे." मी म्हटलं, असतील वन्संकडे असे पेशंट!

नाव घेऊ नको म्हणालात, पण मी घेतलं. मला नाही राहवत. आणि ठरलंय, की नवमीला शस्त्रपूजेला तुम्ही यायचं. आमच्याकडे त्या दिवशी कॉलनीतला प्रत्येक जण आपलं कामाचं हत्यार देवीपुढे ठेवतो. यंदा पहिला मान तुमचा. शिलाई मशीन नको हो, गाडीत चढवता चढवता मोडेल. सुई आणि कात्री आणा.

हे घरी सांगितलं आणि घर बिघडलं. बंधुराज दोन दिवस जेवले नाहीत. काल म्हणाले, ताई नवमीला मांडवात आली तर मी या कॉलनीत तोंड दाखवणार नाही. वन्सं, हे ताणाबिणाचं प्रकरण नाही, एवढं मला कळतं. तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? मला सांगा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, माप ओलांडून घ्यायला तुम्हीच दारात उभ्या होतात. तुमच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही, नवरा का असेना.

तुमची,
कॅप्टन


२५ सप्टेंबर

कॅप्टन,

बिनसलेलं काही नाही. ठरलेलं आहे. तुझ्या लग्नाआधी ठरलेलं.

मी शिवणखात्यात नाही. कधीच नव्हते. मी मॉर्च्युरीत आहे, पोस्टमॉर्टेमच्या खोलीत. डॉक्टर तपासतात, लिहितात, हात धुऊन जातात. नंतर टाके मी घालते. धुते, पुसते, केस विंचरते, कपडे घालते आणि नातेवाइकांच्या ताब्यात देते. बाईमाणसाचं शरीर बाईनंच हाताळावं म्हणून अकरा वर्षांपूर्वी मला घेतलं. आधी ते काम पुरुष करायचे. कसं करायचे ते मी पाहिलं होतं, म्हणून मीच अर्ज दिला. कुणी बळजबरी केलेली नाही.

तुझं स्थळ आलं तेव्हा भाऊ म्हणाला, ताई, हे सांगितलं तर लग्न मोडेल. मी म्हटलं, शिवणखातं सांग. सोपं खोटं, आणि टाके दोन्हीकडे असतात. सात वर्षं ते खोटं मी तुझ्या संसारासाठी सांभाळलं. मला त्या कामाची लाज होती म्हणून नव्हे. ती मला एक दिवसही वाटलेली नाही.

पोलक्याची रीत कुठून आली, ऐक. एकदा एक मुलगी आली होती, रस्त्यावर अपघातात गेलेली. लग्न चार दिवसांवर होतं. तिच्या आईनं पिशवीतून नवं पोलकं आणलं होतं. म्हणाली, एवढं घाला तिला. हात आखडलेले होते. मी पाठ उसवली, बाह्या खालून उघडल्या, पुढून घातलं आणि मागे बंद बांधले. आई आत आली, तिनं हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "बरोबर बसलंय." तेव्हापासून मी असंच करते. किती जणींना केलं, आता सांगता येणार नाही. तुझी देवी त्यातलीच एक. हात हलत नाहीत, आणि सगळे बघायला येणार आहेत.

आता तू म्हणशील, सणाचं काय, सोवळ्याचं काय. मी पुष्कळ विचार केलाय. सगळ्या देवांना जो राक्षस आवरला नाही तो त्यांनी तिच्यावर सोपवला. आपापली शस्त्रं तिच्या हातात दिली आणि लांब उभे राहिले. तिनं ते काम केलं, तेव्हा तिच्या हातांना रक्त लागलंच असेल ना? आधी हात धुऊन ये, मग ओवाळतो, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जे कुणाला करवत नाही ते आमच्यावरही सोपवतात. फरक एवढाच, की नंतर आम्हाला हात धुवायला बाहेरचा नळ दाखवतात.

पोलकं काढून टाकायचं तर टाक. जाळायचं तर जाळ, मी रडणार नाही. फक्त एक करायचं नाही. त्याच्यावर काही शिंपडून, शुद्धबिद्ध करून तिला घालायचं नाही. घालायचं तर जसं माझ्या हातून आलं तसं घाला. नाहीतर घालू नका.

तुझी,
नणंद


३० सप्टेंबर

वन्सं,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं आणि मला राग आला. मॉर्च्युरीचा नाही हो, खोट्याचा! सात वर्षं मी शेजारणींना सांगत फिरले, माझ्या वन्संनी शिवलेल्या चादरीवर हजारो पेशंट झोपतात म्हणून. किती मूर्ख दिसले मी! लग्न मोडलं असतं म्हणता. मला विचारलं होतं का कुणी? मी हो म्हणाले असते की नाही, ते आता मलाच कधी कळणार नाही. हा माझा निर्णय चोरलात तुम्ही दोघांनी.

बंधुराजांसमोर पत्र ठेवलं. वाचून म्हणाले, "आता झालं समाधान?" मी म्हटलं, नाही झालं. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील ते तुला माहीत नाही." मी म्हटलं, चला, बघूनच येऊ लोक काय म्हणतात. आणि सरळ कमिटीची सभा लावली.

गप्प बसता आलं असतं मला. पोलकं तयार, मूर्ती तयार, कुणाला काय कळणार होतं? पण मग ती पुन्हा चादरीचीच गोष्ट झाली असती. सांगितलं सगळ्यांना.

वन्सं, काय गदारोळ झाला म्हणून सांगू! किराणा दुकानवाल्या काकू ताडकन उठल्या. "मढ्याच्या हातचं देवीच्या अंगाला?" मी म्हटलं, काकू, मढ्याच्या हातचं नाही, जिवंत बाईच्या हातचं. एक म्हणाली, कुणाला न कळवता थोडं गंगाजल शिंपडू आणि विषय मिटवू. मी म्हटलं, तेवढं एक सोडून काहीही करा. नर्सबाई तुमच्या बाजूनं भांडल्या, घसा बसला त्यांचा.

मग काकू एकदम खाली बसल्या. म्हणाल्या, "माझी आई गेली, तेव्हा त्याच हॉस्पिटलातून आली होती. वेणी घातलेली होती. मला वाटलं, वॉर्डातल्या कुणी घातली असेल." मला वाटलं, जिंकलो! पण काकू डोळे पुसून म्हणतात कशा, "उपकार आहेत त्या बाईंचे. पण उपकार वेगळे आणि देवी वेगळी." आणि त्यांनी विरुद्ध हात वर केला. सहा विरुद्ध, तीन बाजूनं. पोलकं नामंजूर. देवी पुन्हा दुकानातलं कापड आणि टाचण्या लावून बसणार.

पोलकं माझ्या कपाटात आहे. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. आणि तुम्ही नवमीला यायचंच आहे. सुई घेऊन या, मी बघते कोण अडवतंय.

कॅप्टन


४ ऑक्टोबर

कॅप्टन,

तुझा राग रास्त आहे. मला तुझी माफी मागायला हवी होती, मागच्या पत्रात मी नुसताच माझा कैवार घेतला. चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं.

नवमीला मी येणार नाही. ड्यूटी आहे, आणि ती मी बदलून मागितलेली नाही. नऊ बायकांनी हात वर-खाली करून मला आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं, आणि मी सुई घेऊन बाहेर ताटकळायचं? रोज जे दार उघडून मी आत जाते तिथे भलेभले उंबऱ्यावर घेरी येऊन पडतात. मी कुणाला परीक्षा द्यायला येत नाही.

काकूंच्या आईची वेणी मी घातली की नाही, मला आठवत नाही. त्यांना तसंच सांग. उगाच मोठेपणा नको.

पोलकं तुझ्याकडे आहे, पत्रही तुझ्याकडे आहे. तुझं तू बघ.

तुझी,
नणंद


१२ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्ही म्हणालात तुझं तू बघ. मी बघितलं. आता बसून वाचा, उभ्यानं वाचू नका.

आठ दिवस देवी टाचण्यांत उभी होती. दुसऱ्याच दिवशी गदेच्या हातावरचं कापड सुटलं, चौथ्या दिवशी पाठीवरचं. आरतीला उभी राहिले की माझं लक्ष तिथेच. नैवेद्य, ओटी, फुलोरा, सगळं यथासांग, आणि बाई मात्र अर्धी उघडी.

काल नवमी. मांडव गच्च भरलेला. देवीपुढे पांढऱ्या कापडावर हत्यारं मांडली. इलेक्ट्रिशियनचा टेस्टर, न्हाव्याची कात्री, नर्सबाईंचं बीपीचं मशीन, काकूंचा तराजू, माझा जॅक आणि पाना. अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचे असतात. मी माइक घेतला आणि तुमचं पंचवीस तारखेचं पत्र काढून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. भावाचं खोटं आलं तिथेही थांबले नाही. बंधुराज दुसऱ्या रांगेत बसले होते, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

कुणीतरी ओरडलं, "बंद करा ते!" मी आवाज वाढवला. व्हॅनमध्ये चौदा पोरांवर ओरडून घसा तयार झालाय माझा. त्या मुलीच्या आईचं "बरोबर बसलंय" वाचलं तेव्हा मागे एक म्हातारे गृहस्थ रडायला लागले. शेवटी मी म्हटलं, "कमिटीनं हे पोलकं नामंजूर केलंय. मी कमिटीची अध्यक्ष आहे, आणि मी कमिटीचं ऐकत नाही. उद्या मला काढून टाका. आज मी तिला हे घालणार आहे, काहीही न शिंपडता. ज्यांना बघवत नसेल त्यांनी घरी जावं." बाराएक जण उठून गेले. उरलेले बसून राहिले. काकूसुद्धा बसून राहिल्या, कपाळावर आठ्या घालून.

पडदा ओढला. टाचण्या काढल्या, एकोणचाळीस निघाल्या. कापड छातीशी धरून मी "आता डावा हात घेते हं" म्हणतेय, आणि मागे धरायला कुणी नाही. नर्सबाई माइकपाशी त्या ओरडणाऱ्याला थोपवून उभ्या होत्या. तेवढ्यात पाठीच्या बाजूनं कुणीतरी कापड धरलं. बघते तर तुमचे बंधुराज. प्रभावळीमागे घुसून उभे, कोपर खरचटलेलं. पाठीचे सगळे बंद त्यांनी बांधले आणि गाठी आत ढकलल्या. मी सांगितलंही नव्हतं, तुमचं ते बंद बांधायचं पत्र चोरून वाचलं असणार!

पडदा उघडला. वन्सं, अशी दिसत होती ती! नव्या पोलक्यात आठही हात मोकळे.

आणि आज सकाळपासून कॉलनीचा सूर बदललाय. मला कुणी काढलं नाही. काकू घरी आल्या, म्हणाल्या, "तुझी नणंद म्हणजे साक्षात देवी गं. एकदा पाय धरायचेत मला तिचे." आणखी तिघी तेच म्हणाल्या. पुढच्या वर्षी तुमचा सत्कार करायचाय, शाल आणि नारळ. जिंकलो की नाही?

पत्र वाचायच्या आधी तुम्हाला विचारलं नाही. फिटंफाट झाली असं समजा.

तुमची,
कॅप्टन


१६ ऑक्टोबर

कॅप्टन,

"तुझं तू बघ" म्हणाले होते मी. "लाउडस्पीकरवर वाच" नव्हते म्हणाले. वाचून आधी हसू आलं, मग खोलीला आतून कडी लावून रडले. फिटंफाट मान्य.

ती तुझी नवमी चालू होती तेव्हा मी एका आजींना लुगडं नेसवत होते. कुणी न्यायला आलेलं नव्हतं. तरी निऱ्या नीट केल्या.

आता सत्काराचं. नको. शाल नको, नारळ नको आणि पाय तर मुळीच नकोत. काकूंना सांग, मला देवी करू नका. देवी करणं सोपं असतं. तिला नऊ दिवस ओवाळता, आणि दहाव्या दिवशी खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालता. तिच्या हातचं काही खावं लागत नाही कुणाला.

आणि आता तुला एक सांगते, जे भावानं सांगितलं नाही आणि तुझ्या लक्षात आलं नाही. मी तुझ्याकडे येते तेव्हा तू मला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीस. "वन्सं, तुम्ही बसा, वर्षभर राबता," म्हणतेस. तुझ्या मनात माया असते, मला माहीत आहे. पण तुला तसं करायला कुणी शिकवलं, आठवून बघ. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा मी पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. तो आत आला, म्हणाला, "ताई दमलीय, तू कर." त्या रात्री त्यानं पोट बिघडल्याचं सांगून माझ्या हातच्या दोन पोळ्या ताटात तशाच ठेवल्या. अकरा वर्षांत त्यानं माझ्या हातचा घोटभर चहा घेतलेला नाही. आई गेल्यावर ज्या हातानं मी त्याला भरवलं, तोच हा हात.

गाठी बांधल्या त्यानं. ते वाचूनच रडले मी, खोटं कशाला बोलू. पण गाठी देवीच्या पाठीमागे बांधल्या, पडदा ओढलेला असताना.

म्हणून ऐक. रविवारी मी येतेय. सकाळी अकराची गाडी. स्टँडवर घ्यायला तू येऊ नकोस, त्याला पाठव. तुझ्या स्वयंपाकघरात मी स्वयंपाक करणार, आणि तू पाटावर बसून राहायचंस. हात साबणानं धुते, रोज धुते, त्याहून जास्त काही करणार नाही. काकूंना बोलाव, नर्सबाईंना बोलाव, त्या सहा जणींना बोलाव, उठून गेलेल्या बारा जणांनाही बोलाव. सगळ्यांना सांग, पाया पडायचं नाही, जेवायचंय. पहिलं ताट भावाचं वाढीन, त्याच्यासमोर बसेन आणि त्याच्या हाताकडे बघत राहीन.

पन्नास माणसांची कणीक भिजवून ठेवू नकोस. कणीक मी मळणार आहे.

तुझी,
नणंद